शनिवारी सहाची वेळ

फोन गप्प करायचा, एवढंच एन्सिओ लाम्पेलाने ठरवलं होतं.

फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या एका पाच मजली इमारतीत तो आणि त्याची बायको सिर्का राहत. एन्सिओ कर खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांना सरकारी पत्रं पाठवून घाबरवल्यावर आता आपल्याला कोणी काही पाठवू नये, अशी त्याची माफक अपेक्षा होती. पण वसंत ऋतूत सोसायटीने ॲप आणलं. दर घरामागे एक फोन त्याला जोडायचा होता. सिर्काचा फोन जुना, बटणांचा (म्हणजे फक्त फोन), म्हणून एन्सिओचा जोडला गेला. तेव्हापासून धुलाईच्या खोलीतलं यंत्र रिकामं झालं की फोन वाजे, जिन्यातला दिवा गेला की वाजे, दिवा आला की पुन्हा वाजे. एकदा दाराशी कोणाचा तरी हातमोजा सापडला. त्या दिवशी फोन दुपारभर वाजत राहिला, कारण मोजा आपला नाही हे प्रत्येक बिऱ्हाडाने स्वतंत्रपणे कळवलं.

"बंद कर की मग ते," सिर्का म्हणाली.

"तेच करतोय."

"चष्मा लावून कर."

"चष्मा कशाला? बटणं आहेत. वाचायचं काय त्यात?"

खरोखरच एकाखाली एक निळी बटणं होती. एन्सिओने वरून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत एकेक करून सगळी करडी करून टाकली. करडा रंग त्याला पहिल्यापासून आवडे. फोन मेल्यासारखा गप्प झाला. एन्सिओने समाधानाने कॉफी ओतून घेतली.

त्या बटणांपैकी एकापुढे 'फक्त आमच्या घरासाठी' असं लिहिलेलं होतं.

इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना (म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली) होता आणि आठवड्यातला एकेक तास एकेका घराला वाटून दिलेला होता. त्यातला शनिवारी संध्याकाळी सहाचा तास म्हणजे राजाचा तास. तो मागून मिळत नसे. ज्याच्याकडे असेल तो घर सोडून जाईपर्यंत किंवा जग सोडून जाईपर्यंत थांबावं लागे. लाम्पेलांना तो दुसऱ्या मजल्यावरच्या मिएत्तिनेन आजींकडून मिळाला. आजींच्या अंत्यविधीसाठी सिर्काने फुलं आणायला जावं आणि तेवढ्यात एन्सिओने सोसायटीत अर्ज टाकावा, अशी त्यांनी कामं वाटून घेतली होती. त्या तासाला दोघं खाली जात, फळीवर शेजारी शेजारी बसत, आणि एन्सिओशी कोणी एक अक्षर बोलत नसे. सिर्कासुद्धा. इतकं सुख त्याला उरलेल्या आठवड्यात कुठेच मिळत नसे.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत काहीतरी बिघडलं. घराबाहेर पडण्यापूर्वी दाराच्या भोकातून पाहायचं आणि जिना मोकळा असला तरच कडी काढायची, ही तिथली रीत. सगळेच ती पाळत, त्यामुळे कधी कधी चार दारांआड चार माणसं एकमेकांच्या जाण्याची वाट बघत ताटकळत. पण त्या सकाळी समोरच्या घरातला केत्तुनेन, जो सोसायटीचा अध्यक्षही होता, एन्सिओ जिन्यात असताना सरळ दार उघडून बाहेर आला.

"शनिवारी भेटू मग," केत्तुनेन म्हणाला.

एन्सिओ "हं" म्हणाला आणि पुन्हा घरात शिरला.

"केत्तुनेन माझ्याशी बोलला," त्याने सिर्काला सांगितलं.

"आजारी आहे का?"

"दिसत तर नव्हता. शनिवारी भेटू म्हणाला."

"विचारायचं होतंस, कुठे?"

एन्सिओने तिच्याकडे नुसतं पाहिलं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, मग त्यावर काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि असं करत करत ओळख झाली असती. शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या पार्विआइनेनने त्याला लांबून हात केला. एन्सिओने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

शनिवारी सहाला लाम्पेला पतिपत्नी अंगात झगे आणि हातात पाण्याची बादली घेऊन तळघरात उतरले. कपडे काढायच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती. एन्सिओने दार ढकललं. आत इमारतीतले आठनऊ पुरुष कमरेला टॉवेल गुंडाळून बसले होते. पार्विआइनेनच्या मांडीवर सॉसेजचं पुडकं होतं.

"आले बघा यजमान," केत्तुनेन म्हणाला.

"कसले यजमान?"

"ॲपवर आलंय ना. 'एन्सिओ लाम्पेला यांनी शनिवारी सहाची वेळ सर्वांसाठी खुली केली आहे.' मी तर दोनदा वाचलं."

सिर्काने एकवार त्या टॉवेलांकडे, एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याला दाराबाहेर ओढलं.

"चष्मा न लावता काय दाबलंस तू?"

"सगळंच."

"आता आत जायचं आणि त्यांना सांगायचं, चूक झाली, घरी जा. शनिवारचे सहा घेतल्याशिवाय वर येऊ नकोस." बादली त्याच्या हातात देऊन ती जिना चढून गेली.

एन्सिओ आत आला, आणि त्याने झगा काढला, कारण झगा घालून त्या खोलीत उभं राहणं फारच विचित्र दिसत होतं. केत्तुनेन नियम सांगू लागला. एकदा खुली केलेली वेळ प्रत्यक्ष वापरली गेली, म्हणजे तापलेल्या दगडांवर पहिलं पाणी पडलं, की ती कायमची सार्वजनिक. एक शनिवार पुरुषांचा, एक बायकांचा. त्याआधी मालक केव्हाही नको म्हणू शकतो, अध्यक्षाला तोंडी सांगितलं तरी पुरे. हा नियम ज्या सभेत झाला तिला एन्सिओ गेला नव्हता. सभेला माणसं असतात.

"मला जरा सांगायचं होतं," एन्सिओने सुरुवात केली.

"आधी आत तर चला," पार्विआइनेन म्हणाला. "माझी वेळ मंगळवारी दुपारी तीनची हो. दगड धड तापलेलेसुद्धा नसतात. पाठ शेकायची म्हणून जायचो आणि शिंकत परत यायचो. तुमच्यासाठी सॉसेज आणलेत मी, मोहरीसकट."

अशा माणसाला घरी जा कसं म्हणायचं, हे कर खात्याने शिकवलं नव्हतं. तिथे ते पत्राने कळवता येई.

सगळे आत गेले आणि फळ्यांवर दाटीवाटीने बसले. एन्सिओला मधली जागा मिळाली. एका बाजूला पार्विआइनेनची पाठ, दुसऱ्या बाजूला केत्तुनेनचा खांदा. कोणीतरी पाण्याचा लाकडी पळा त्याच्या हातात दिला.

"वेळ तुमची, पहिलं पाणी तुमचं," केत्तुनेन म्हणाला.

एन्सिओने पळा बादलीत बुडवला. भरलेला पळा दगडांवर धरला आणि तो तसाच थांबला. वर सिर्का वाट बघत होती.

"मी तुम्हाला बोलावलं नव्हतं," तो दगडांकडे बघत म्हणाला. "फोनची कटकट बंद करत होतो, चुकून ते बटण दाबलं गेलं. तुम्ही सगळे एवढ्या आपुलकीने आलात, म्हणून सांगायला जड जातंय."

आयुष्यात शेजाऱ्यांशी तो प्रथमच इतकं सलग बोलला होता.

"माहीत आहे," केत्तुनेन म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हेच. निरोप आला तेव्हाच माझी बायको म्हणाली, लाम्पेला आणि आमंत्रण? चुकीचं काहीतरी दाबलंय त्यांनी."

"माझी पण हेच म्हणाली," मागून एक आवाज आला.

"मला वाटलं, फोन चोरीला गेला," दुसरा म्हणाला.

"मग आलात कशाला?"

"शनिवारचे सहा आहेत, लाम्पेला," केत्तुनेन समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुमच्या लक्षात यायच्या आत येऊन बसायचं ठरवलं. मी परवा जिन्यात बोलून गेलो तेव्हा आता हा विचारणार, म्हणून घाम फुटला होता. पण तुम्ही आत पळालात."

आता एन्सिओने फक्त 'नको' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण नऊ उघडी माणसं आपल्या बोलण्याची वाट बघत आहेत, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता, आणि अवघडलेल्या क्षणी हातात पळा असलेला तिथला कोणताही माणूस जे करतो, तेच त्याच्या हातून झालं. त्याने पाणी दगडांवर ओतलं.

चर्र आवाज झाला. वाफ छतापर्यंत गेली आणि तिथून सगळ्यांच्या खांद्यांवर उतरली. पार्विआइनेनने सुखाने डोळे मिटले.

"झालं," केत्तुनेन म्हणाला. "नियमात बसलं."

"सिर्काला काय सांगू मी?" एन्सिओ पुटपुटला.

"पुढचा शनिवार बायकांचा आहे म्हणावं," पार्विआइनेन डोळे न उघडता म्हणाला. मग त्याला बहुधा एन्सिओची दया आली, कारण त्याने चाचपडत हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही या की, लाम्पेला. लाजू नका. आता कोणीही आलेलं चालतं."