घरी गेले, देवाघरी गेले

धंतोलीत दवाखान्यांपाशी डबे देणाऱ्या खानावळी पुष्कळ, पण मोबाइलवर चालणारी खानावळ एकच, ती म्हणजे आमची! हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. बायकोने, म्हणजे प्रेमलतेने, आता फक्त फोडणीकडे बघायचं. बाकी सगळं अॅप बघणार.

आमच्याकडे डबा दोनच कारणांनी बंद होतो. पेशंट बरा होतो, नाहीतर जातो. प्रेमलता प्रत्येकाची फोनवर विचारपूस करायची आणि मग भाजी करपायची. म्हणून मी अॅपमध्ये दोन बटणं करून घेतली, 'घरी गेले' आणि 'देवाघरी गेले'. एक दाबलं की नातेवाइकांना अभिनंदन, दुसरं दाबलं की सांत्वन. बटणं एकाला एक लागून होती आणि चष्मा मी गल्ल्यावर विसरायचो.

कुहीच्या रुखमाबाईंचा फोन आला, "डबा बंद करा जी, यायची सुट्टी झाली." म्हणजे त्यांचे यजमान देवाजी बरे झाले होते. मी खुशीत बटण दाबलं. कुहीत त्यांच्या मुलाला, सौरवला, मेसेज गेला की देवाजींच्या निधनाने आम्हांस अतीव दुःख झाले आहे. त्याने आईला फोन लावला, तर तो बंद.

दुपारी दवाखान्यासमोर मेटाडोर थांबली. आत सारं गणगोत, बांबू, मडकं, गोवऱ्या! फाटकात देवाजी पिशवी घेऊन उभे. रडणाऱ्या बायकांना थांबावं कसं तेच कळेना. देवाजींनी बांबूंकडे बघून विचारलं, "कोन गेलं गा?"

शेवटी त्याच बांबूंवर सतरंजी टाकून देवाजींना घरी नेलं. मी सगळ्यांचे पाय धरायचा बाकी होतो. सौरव मात्र हसून हसून बेजार झाला आणि त्याने हा किस्सा गावभर केला. घरी प्रेमलतेने चष्मा दोरीने माझ्या गळ्यात बांधला.

पुढच्या महिन्यात देवाजी पुन्हा भरती झाले. डबा पुन्हा सुरू झाला.

एका दुपारी रुखमाबाई स्वतःच आल्या. डबा जसाच्या तसा, भरलेला. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या. प्रेमलतेने गॅस बंद केला आणि ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. रुखमाबाईंनी मोबाइल माझ्याकडे केला.

"मले बोलता नाही येऊन राहिलं. पोराले तुमीच सांगा."

सौरवने फोन उचलला. मी कसंबसं सांगितलं.

"कोण, मेसवाले काका?" तो मोठ्याने हसायला लागला. "आता नाही फसत मी! मागच्या बारीचं मेटाडोरचं भाडं अजून देऊन राहिलो!"

मी पुन्हा सांगितलं. तो आणखीच हसला. "बरं, मायले द्या," म्हणाला.

मी फोन रुखमाबाईंच्या कानाला लावला. पलीकडून हसणं मलाही ऐकू येत होतं.

"माय? बोल ना वं."

मग ते हसणंही बंद झालं.