मान वळली की पहिल्यापासून

माझ्या कोर्सला कुणी फसवू शकत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो! घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स बनवणं हा माझा धंदा. कंपनी पुण्यात, मी रायगडातल्या दिघीजवळच्या आमच्या कोळीवाड्यात. बालवाडी शिक्षिकांचा कोर्स बनवला तेव्हा तर मी स्वतःवरच खूश होतो. विद्यार्थ्याची मान स्क्रीनवरून वळली, की धडा पुन्हा पहिल्यापासून! परीक्षेत दुसऱ्या कुणाचा आवाज आला, की परीक्षा बंद! निर्णय अंतिम! साहेब म्हणाले, "सुजित, तुरुंग बांधलास रे!" मी ते कौतुक समजलो.

त्या तुरुंगात पहिली सापडली माझी बायको.

क्रांती गावच्या बालवाडीत मदतनीस. सतरंज्या घालायच्या, नाकं पुसायची, खिचडी वाढायची. जुन्या बाई सोडून गेल्यापासून शिकवायचीही तीच. पोरं तिलाच बाई म्हणायची. पण संस्थेनं सांगितलं, हा कोर्स पास झालीस तर तू बाई, नाहीतर आम्ही बाहेरून आणू.

"आपल्याच मानसाचा कोर्स हाय, मंग भ्यायचं कशाला?" ती म्हणाली.

आमच्या घरात नेटवर्क नाही. येतं ते फक्त अंगणात. अंगणात बोंबील वाळत असतात आणि बोंबील म्हटले की कावळे आलेच! क्रांती धडा लावून बसली, की ओट्यावरून आई ओरडायची, "क्रांती, कावला आला गो!" क्रांतीची मान वर, धडा पहिल्यापासून.

"नमस्कार! बालशिक्षणाच्या आनंददायी प्रवासात आपलं स्वागत आहे!" हे वाक्य आईला पाठ झालं. शेजारच्या भागुबाईला पाठ झालं. ती तर मासळीच्या गिऱ्हाइकांनाही तेच ऐकवू लागली!

"अवो, ज्यानं ह्यो धडा बनवला, त्याच्या घरी बोंबील वालत न्हायत का?" क्रांतीनं विचारलं.

"विद्यार्थ्यानं शांत खोलीत दार लावून बसावं, असं पहिल्याच पानावर लिहिलंय," मी म्हणालो.

"दार लावलं की नेटवर्क जातंय."

मी पुढचं पान उघडून बघितलं.

शेवटी कावळे उठायच्या आधी, पहाटे अंगणात बसून तिनं सगळे धडे संपवले. परीक्षा मात्र भर दुपारी. त्या वेळी लोक निवांत असतात म्हणून मीच ठरवलेली!

"कावळे मी बघतो. तू मान हलवू नकोस," मी म्हटलं. आईला भागुबाईकडे धाडलं आणि काठी घेऊन, तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. क्रांती भराभर उत्तरं देत होती. चेहरा नुसता फुलला होता! शेवटचा प्रश्न आला, आणि एक कावळा नेमका तिच्या डोक्यावरच्या दोरीवर उतरला. आता ही वर बघणार! कोळ्याचं पोर मी, घसा आपोआप मोकळा झाला.

"हाऽऽऽड!"

कावळा उडाला. परीक्षा बंद झाली. स्क्रीनवर आलं, 'अनधिकृत व्यक्तीचा आवाज आढळला.'

क्रांती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "मी मान वलवली नव्हती."

मी लगेच साहेबांना फोन केला. "अरे, नियम तुझाच ना?" म्हणाले आणि ठेवून दिला.

"तक्रार कुठं करायची?" क्रांतीनं विचारलं.

"ती मलाच येते."

तिनं तरीही केली, माझ्या शेजारी बसून. 'तो माझा नवरा होता. कावळ्यावर ओरडला. कृपया विचार व्हावा.' मी उघडून वाचेपर्यंत, मीच बसवून ठेवलेलं उत्तर तिला परस्पर गेलं. 'निर्णय अंतिम आहे. पुढील शैक्षणिक प्रवासास शुभेच्छा! आपला, सुजित.'

नव्या बाई तळा गावाहून आल्या. क्रांती पुन्हा सतरंज्या घालते. पोरं अजून तिलाच बाई म्हणतात आणि ती त्यांना गप्प करते.

परवा जेवताना काहीतरी बोलावं म्हणून मी तिच्याकडे वळलो.

"मान वलवू नका," ती म्हणाली, "पहिल्यापासून जेवायला लागंल."

मी मुकाट्यानं ताटाकडे बघत जेवलो. कालवण बोंबलाचंच होतं.