हसनचाचांचा उजवा दिवा

कोल्हारच्या पुलाजवळ हसनचाचा मिस्त्री भर दुपारी ट्रक अडवायचे. रस्त्यात दोन्ही हात पसरून उभे राहायचे. ड्रायव्हर शिव्या देत उतरला की विचारायचे, "मागचा लाल दिवा लागतो का? लाव बरं." नाही लागला तर फुकट बल्ब बसवून वर दम द्यायचे, "मेला असतास की रं!" बैलगाडीखाली कंदील नसला तर गाडीवानाला आणि बैलांना, दोघांनाही व्याख्यान.

लोक हसायचे. मला मात्र या माणसाचा संताप यायचा, आणि तो मी छापून काढला.

गावातल्या कैलासवासी डॉक्टरांची काळी, जुनी विलायती मोटार चाचांच्या शेडमध्ये तीन वर्षं पडून होती. इंजिन चाचांनी सुटं करून, घासून पुन्हा जोडलं होतं, शिवणयंत्रासारखं चालायचं. पण बंद पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर नगरला तपासणी हवी. आणि तारीख जवळ आली की चाचांना दिव्यात खोट सापडलीच! एकदा उजव्या दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली काच जरा मोठी निघाली. मग मागची काच "लाल न्हाई, गुलाबी हाय. लग्नाची गाडी हाय का ही?"

डॉक्टरीणबाई दर गुरुवारी यायच्या. अर्धा तास मागच्या सीटवर गप्प बसायच्या. जाताना विचारायच्या, "झाली का हो?"

"उजवा दिवा राहिलाय, बाई."

एका विधवेची चीजवस्त दाबून धरायची, आणि गावानं हसत बघायचं? दुष्काळाचं साल, आमच्या युवक मंडळाला अन्यायांची काही टंचाई नव्हती. तरी मी पत्रक काढलं. 'मिस्त्री, मोटार द्या!' चाचांच्याच भिंतीवर चिकटवलं. त्यांनी चष्मा लावून ते पुरतं वाचलं.

"पुढारी, अक्षर लई बारीक हाय. अंधारात कोन वाचनार?"

मी नगरची तारीख स्वतः ठरवून आलो. बाई "कशाला उगाच" म्हणत होत्या; मला तो भिडस्तपणा वाटला. त्यांना मागे बसवलं, मी चाचांशेजारी बसलो.

वाटेत चाचा पाचदा उतरले. राहुरीला तोच दिवा पुन्हा पुन्हा पुसत राहिले. लबाडी उघडी पडणार म्हणून घाबरलाय, मी मनात म्हटलं.

नगरला इन्स्पेक्टरनं झोत भिंतीवर पाडून पाहिला. डिपर पाहिला, मागचे दिवे पाहिले, नंबरप्लेटवरचाही पाहिला. "झकास. पास."

"साहेब, उजवा पुन्यांदा बघा."

"अहो मिस्त्री, लोक पास करा म्हणून माझ्या मागे लागतात!"

"जरा वर मारतोय, साहेब. बघा ना."

"नाही मारत." शिक्का पडला.

मी बाईंकडे वळलो. "बघितलंत? तीन वर्षं फसवलं तुम्हाला!"

"कुणी?" बाई म्हणाल्या. "गाडी मुलाच्या नावावर आहे. त्यानं मुंबईचं गिऱ्हाईक ठरवून ठेवलंय. पास झाली की लगेच माणूस न्यायला येणार. पहिल्याच गुरुवारी मी मिस्त्रींना हे सांगितलं होतं. गाडी अडवा असं मात्र मी कधी म्हटलं नाही हो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्यांनीही कधी काही म्हटलं नाही."

चाचा बॉनेटवरची नसलेली धूळ पुसत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या झोळीत पत्रकाच्या उरलेल्या प्रती होत्या.

शेवटी ते स्टिअरिंगवर येऊन बसले.

"बाई," मागे न बघता त्यांनी विचारलं, "सरळ जायचं, का डागदरसाहेब जायचे तसं वांबोरीवरनं?"

"वांबोरीवरनं चला."

तो रस्ता लांबचा आणि खडबडीत. मी झोळी पायाखाली सरकवली.