तीन किलो सहाशे चाळीस ग्रॅम

“कॅमेऱ्याची बॅग निवडणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही! त्याला माझ्यासारखा माणूस लागतो!” चहाचा कप खाली ठेवता ठेवता तोळेरावांनी जाहीर केलं.

तोळेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमाप खात्यात निरीक्षक. तीस वर्षं बाजारातले तराजू तपासले, म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं होतं. घरी आलेली भाजीसुद्धा ते स्वतःच्या काट्यावर पुन्हा मोजल्याशिवाय आत जाऊ देत नसत. बायको म्हणायची, “लग्नात मला तेवढं मोजायचं राहिलं!”

बॅगेची गरज पडली ती सासऱ्यांच्या भिंतीवरच्या एका खिळ्यामुळे. सासरे तरुणपणी दरवर्षी एका उंच सुळक्यावर चढायचे. वरून एकामागे एक अशा सात डोंगररांगा दिसतात. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, आणि ते दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत असायचे. “तिथे सातही रांगांचा फोटो लागला ना, की मी रोज बसल्या जागी चढून येईन,” एवढीच त्यांची इच्छा होती.

गेल्या वर्षी साडूभाऊ मोठ्या थाटात फोटो घेऊन आले. मधोमध साडूभाऊ, छाती पुढे काढून! त्यांच्यामागे चार रांगा गडप! सासरे “छान आहे” म्हणाले आणि त्यांनी तो फोटो कपाटात ठेवला. तेव्हाच तोळेरावांनी मनाशी ठरवलं, खिळा आपला!

पण चांगल्या फोटोसाठी चांगला कॅमेरा, आणि चांगल्या कॅमेऱ्यासाठी चांगली बॅग. तोळेराव मोजपट्टी आणि ताणकाटा घेऊन दुकानात शिरले. पहिल्या बॅगेची चेन त्यांनी पन्नास वेळा उघडून मिटली. एक्कावन्नाव्या वेळी ती हातात आली. दुसऱ्या बॅगेच्या पट्ट्याला ते स्वतः लोंबकळले. तिसरीला आकड्यांचं कुलूप होतं, ती त्यांच्या मनात भरली.

“पण हिची चाचणी घ्यावी लागेल,” ते म्हणाले.

“घरी न्या, आठ दिवस वापरा,” दुकानदाराने हात जोडले. “नाही आवडली तर बदलून घ्या. फक्त दुसऱ्या दुकानातून!”

चाचणी म्हणजे भरलेली बॅग पाठीवर घेऊन इमारतीचे पाच मजले रोज सकाळी दहा वेळा चढायचे. पण त्यात खरा कॅमेरा ठेवायचा? आणि पट्टा तुटला तर? छे! तोळेरावांनी कॅमेरा आणि दोन्ही लेन्स काट्यावर ठेवल्या. तीन किलो सहाशे चाळीस ग्रॅम. मग कॅमेरा टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आणि तेवढ्याच वजनाची वस्तू ते घरभर शोधू लागले. शोधता शोधता त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या पितळी खलबत्त्यावर पडली.

खल कॅमेऱ्याच्या कप्प्यात असा बसला की कप्पा त्याच्याच मापाने शिवला असावा! बत्ता लांब लेन्सच्या जागी. चाळीस ग्रॅम कमी पडत होते, म्हणून दोन चमचे टाकले. काटा म्हणाला, तीन किलो सहाशे चाळीस! तोळेरावांना स्वतःच्या पाठीवर शाबासकी द्यावीशी वाटली. अडचण एकच होती. तो खलबत्ता बायकोला तिच्या आईने दिलेला होता, आणि तो जिन्यावरून फिरायला न्यायला तिने जन्मात परवानगी दिली नसती. म्हणून त्यांनी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात निवृत्त नर्सबाई भेटल्या.

“एवढी मोठी बॅग घेऊन कुठे निघालात साहेब?”

तोळेराव दचकले. बॅगेत चमचे खणखणले. “हिला... कळू... देऊ नका!” धापा टाकत एवढंच म्हणून ते वर पळाले.

त्याच दुपारी बायको नर्सबाईंकडे आली. “आमचा खलबत्ता तुमच्याकडे आलाय का हो? सापडत नाहीये. दोन चमचेही गेलेत!”

चाळीस वर्षं रोग्यांची लक्षणं बघितलेल्या नर्सबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. “घाबरू नकोस. तुझा नवरा रोज सकाळी भांडी घेऊन घर सोडतोय.”

“काहीतरीच! सात वाजता परत येतात की!”

“अजून हिंमत होत नाहीये. सराव चाललाय!”

बायकोने घरी येऊन बॅग उचलून पाहिली. जड! हलवली. खणखणली! कुलपाचा आकडा तिला ठाऊक नव्हता, आणि नवऱ्याला विचारायचं तर मानीपणा आड येत होता. तिने सरळ माहेरी फोन लावला.

डोंगरावर निघायच्या आदल्या संध्याकाळी तोळेराव दार लावून बसले. बॅग उघडी होती. खलबत्ता काढून गुपचूप जागेवर ठेवायचा, कॅमेरा भरायचा, की झालं! इतक्यात दारावरची बेल वाजली. बायकोची पावलं जवळ आली. तोळेरावांनी घाईघाईने चेन ओढली, कुलूप लावलं आणि ते बाहेर आले.

बाहेर सासरे काठी टेकून बसले होते. शेजारी साडूभाऊ, चेहरा गंभीर, पण आतून खूश.

“जावईबापू, आमच्या मुलीचं काही चुकलं का?” सासऱ्यांनी विचारलं.

“छे! काहीच नाही!”

“मग बॅग भरून कुठे निघालात?”

“डोंगरावर!”

“कायमचे?”

“अहो बाबा, फोटो काढायला! तुमच्यासाठी!”

“मग त्यात चमचे कशाला?” साडूभाऊंनी नेमकं बोट ठेवलं.

तोळेरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. “कुठले चमचे?” ते इतक्या निरागसपणे म्हणाले की उरलासुरला विश्वासही उडाला.

सासऱ्यांनी काठी आपटून निकाल दिला. “उद्या ही तुमच्याबरोबर येईल. नजरेआड होऊ देऊ नकोस गं यांना!”

बायकोने हुकूम तंतोतंत पाळला. त्या संध्याकाळी ती बॅगेशेजारून हललीच नाही. सकाळी गडबडीत निघताना तोळेरावांना शंका आली. कालची अदलाबदल बेल वाजायच्या आधी झाली होती, की राहिलीच? कुलूप उघडावं तर बायको शेजारीच उभी! पण ते निरीक्षक होते. त्यांनी बॅग काट्यावर ठेवली, रिकाम्या बॅगेचं वजन मनातल्या मनात वजा केलं. तीन किलो सहाशे चाळीस! वजन बरोबर म्हणजे माल बरोबर. तीस वर्षांत या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

चढ पाच तासांचा होता. वाटेत तोळेराव बॅगेचंच कौतुक करत होते. “बघ, खांद्याला काचतसुद्धा नाही! याला म्हणतात निवड!” बायकोला मात्र प्रत्येक पावलाला, त्यांच्या बडबडीत बुडालेला तो खणखणाट ऐकू येत होता.

माथ्यावर पोचले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. समोर सातही रांगा, एकीमागे एक. तोळेरावांचा ऊर भरून आला. “खिळा आपला!” म्हणत त्यांनी कुलूप उघडलं, कप्पा उघडला आणि आत हात घातला.

खल निघाला. मग बत्ता. मग दोन चमचे.

“माझ्या आईचा खलबत्ता!” बायको किंचाळली. मग तिला सगळा उलगडा झाला, आणि ती पोट धरधरून हसत सुटली. इतक्या दिवसांची धास्ती एकदम बाहेर पडत होती!

तोळेराव मात्र हसले नाहीत. त्यांना खुर्चीतले सासरे दिसत होते. ते मटकन खाली बसले, खल मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. त्यांना खरोखरच रडू येत होतं. बायकोने मोबाइल काढला आणि फोटो टिपला. “पुरावा! नर्सबाईंना दाखवायला!”

पुढच्या रविवारी तोळेराव सासऱ्यांची माफी मागायला गेले. बघतात तो खिळ्यावर फोटो! बायकोने तो चौकट करून आधीच पाठवला होता.

“हा कसला फोटो?” साडूभाऊ करवादले. “माणसाचा चेहरासुद्धा दिसत नाही!”

सासऱ्यांनी काठी उचलली आणि मोजायला सुरुवात केली. “एक, दोन, तीन...” मान खाली घातलेल्या तोळेरावांच्या डोक्यावरून सगळ्या रांगा मोकळ्या दिसत होत्या. “...सहा, सात!” त्यांचे डोळे पाणावले.

मग चष्मा सावरून ते फोटोच्या अगदी जवळ गेले आणि तोळेरावांकडे वळले.

“जावईबापू, बॅग मात्र फार छान निवडलीत हो! एवढा पाच तासांचा चढ, पण खलबत्त्याला एक ओरखडा नाही!”