कडक इस्त्रीचं जाकीट

"आपल्या दुकानात कापड मळकं आलं आणि मळकंच परत गेलं, असं आजवर झालेलं नाही आणि पुढेही व्हायचं नाही!"

हे अण्णांचं लाडकं वाक्य. गिऱ्हाइकाला ऐकवायचे, शेजारच्या चावीवाल्याला ऐकवायचे आणि दुकानात चिटपाखरू नसलं तर इस्त्रीला ऐकवायचे! लाँड्रीचा धंदा त्यांच्या अंगात असा भिनला होता की डाग दिसला की हात शिवशिवायला लागत. मग तो ओळखीच्या माणसाच्या अंगावर असो की अनोळखी.

या खोडीपायीच त्यांच्या लेकीने, म्हणजे बबडीने, त्यांना कुठे न्यायचं सोडून दिलं होतं. तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे ऐन भाषणात असताना अण्णा तुरुतुरु स्टेजवर चढले आणि ओल्या रुमालाने पाहुण्यांच्या कोटावरचा शाईचा डाग टिपायला लागले! पाहुणे भाषण विसरले आणि बबडीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता ती मोठी झाली होती, नोकरीला लागली होती आणि एका हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवत होती. पण सराव मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये, आणि कार्यक्रम कुठे ते देव जाणे! बापाच्या कानावर आजवर एक ठोकासुद्धा पडला नव्हता.

"अगं, एकदा ऐकू तरी दे की!" अण्णा म्हणायचे.

"बाबा, तुम्हाला नाही आवडणार."

"आवडायचं राहू दे बाजूला. काय असतं ते तरी कळू दे! एवढ्या उन्हात सगळे काळे कपडे घालून का येतात? ओरडतात कशासाठी? आणि मुख्य म्हणजे, तो काळा रंग उतरू नये म्हणून धुतात कशाने?"

"बघा! म्हणूनच नाही नेत!"

अण्णांना आतून फार लागायचं. लेक वाजवते, परके लोक जाऊन ऐकतात, आणि आपणच तेवढे बाहेर!

अशात एका सकाळी त्यांनी दुकान उघडलं, तर काउंटरवरच्या ढिगावर अगदी वर एक जाकीट पडलेलं. बिनबाह्यांचं, डेनिमचं, पाठीवर ही एवढी कवटी शिवलेली. दुकानाची दुसरी किल्ली बबडीकडे असायची, आणि तिच्या खोलीत भिंतीवर बँडचा फोटो होता. त्यातल्या लांब केसांच्या गायकाच्या अंगात हेच जाकीट होतं. शिवाय गावाबाहेरच्या बंद गोदामाच्या आवारात आज मेटलचा छोटासा महोत्सव आहे, हेही अण्णांनी तिच्या फोनवरच्या बोलण्यातून टिपलं होतं.

"विसरली वाटतं पोरगी! ड्रम टेम्पोत चढवायच्या गडबडीत इथेच टाकून गेली!"

अण्णांचे डोळे चमकले. विसरलेली वस्तू पोचवायला आलेल्या बापाला कोण हाकलेल? आयतं निमित्त चालून आलं होतं! पण हे असं न्यायचं? खांद्यावर चहा, खिशावर काळं ग्रीस, बिल्ल्यांभोवती गंज, पाठीवर चिखल, कवटीच्या जबड्यापासून कमरेपर्यंत टोमॅटो सॉसचा ओघळ! आणि कॉलर? कॉलर हातात धरली तर ती हात सोडेना! अण्णांनी बाह्या सरसावल्या.

दुपारपर्यंत जाकीट नुसतं लखलखत होतं. अण्णांनी खूश होऊन त्याला सढळ हाताने खळ घातली, कडक इस्त्री मारली, कागदात गुंडाळलं, शटर खाली ओढलं आणि आपणही पांढराशुभ्र परीटघडीचा शर्ट चढवून निघाले.

गोदामाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि पहिला ठोका छातीत बसला. अण्णांनी खाली पाहिलं. शर्टाची बटणं थरथरत होती! माल उतरवायच्या ओट्यावर स्टेज, मागे धडधडणारा जनरेटर, कडेला चहाची टपरी आणि समोर काळ्या कपड्यांचा लोंढा. अण्णा त्यात शिरले तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. पांढरा शर्ट, गंभीर चेहरा आणि काखेत पुडकं पाहून आवाजाच्या यंत्रावर बसलेल्या माणसाला वाटलं, आजूबाजूच्या वस्तीतून तक्रार घेऊन आलेत. त्याने घाबरून आवाज एकदम खाली आणला. गर्दी खवळली!

"अहो, नाही नाही!" अण्णा कासावीस झाले. "चालू द्या! मोठ्याने चालू द्या! मी ऐकायलाच आलोय!"

असला टाळ्यांचा कडकडाट अण्णांच्या वाट्याला जन्मात आला नव्हता. दोन बोटांची शिंगं करून लोक त्यांना सलाम ठोकायला लागले. अण्णांनीही केली शिंगं. अंगठा कुठे ठेवायचा ते मात्र कळेना.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी सरकलं. अण्णांनी मान वर केली, आणखी वर केली, तेव्हा कुठे दाढी लागली. माणूस कसला, अस्वलच ते! आणि त्याच्या अंगात असंच जाकीट, डागांनी बरबटलेलं. अण्णांचे हात शिवशिवले. बबडीची आठवण काढून त्यांनी ते खिशात कोंबले, पण तोंड कसं कोंबणार?

"अहो, हा खांद्यावरचा डाग जुन्या कॉफीचा ना? आणि हा... थांबा, सांगू नका... सायकलच्या चेनचा!"

अस्वल खूश झालं. "काका, बरोब्बर! कसं ओळखलंत?"

"आमचा धंदाच आहे तो. द्या माझ्याकडे, परवापर्यंत नवंकोरं करून देतो!"

अस्वलाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने दोन्ही हातांनी जाकीट छातीशी धरलं. "धुवायचं? काका, हे कोणी धुतं का कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे कधीच नाही! एकेक डाग म्हणजे एकेक कार्यक्रम आहे. ही कॉफी सांडली तेव्हा पहिल्यांदा पुढच्या रांगेत उभा होतो. धुतलं तर सगळं गेलं की!"

अण्णांनी काखेतलं पुडकं घट्ट दाबलं. "आणि समजा... एखाद्या गायकाचं असेल तर?"

"मग तर विचारूच नका. आज शेवटचा बँड आहे ना, त्याच्या गायकाचं जाकीट बघायला तर निम्मे लोक आलेत. त्याला आजवर पाणी लागलेलं नाही!"

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुकाट्याने पुडकं उघडलं. अस्वलाने आत डोकावून पाहिलं आणि ते मटकन खाली बसलं.

"काका! काय केलंत हे!"

"धुतलं," अण्णा पुटपुटले. "खळसुद्धा घातली."

खरंच घातली होती. बाहेर काढून जमिनीवर ठेवलं तर जाकीट पडेना! आत माणूस असल्यासारखं सरळ उभं राहिलं. अण्णांना दरदरून घाम फुटला. ती शाळेतली गोष्ट पोरीने इतक्या वर्षांत माफ केली नव्हती. आता भरल्या महोत्सवात तिच्या बँडचं नाक कापलं गेलं, तर ती पुन्हा आपलं तोंड तरी बघेल का?

"डाग परत लावू या," अण्णा एकाएकी म्हणाले.

"काय?"

"मला सगळे आठवतात. कुठला कुठे होता, किती जुना होता, सगळं! अहो, मीच काढलेत. तुम्ही कामधंदा काय करता?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"मग हात स्थिर असेल. चहा आणा!"

आणि सुरू झालं काम! जन्मभर डाग काढलेला माणूस टपरीमागे बसून डाग लावत होता, तोही जीव ओतून. "डाव्या खांद्यावर चहा. थोडा! पसरू द्या. आता फुंकर मारा." अस्वल गाल फुगवून फुंकर मारी. जनरेटरखालचं काळं तेल खिशावर गेलं. फाटकाचा गंज खरवडून बिल्ल्यांभोवती भरला. नळाजवळचा चिखल पाठीवर. सॉसचा ओघळ अण्णांनी तीनदा पुसून पुन्हा ओढला, कारण तो कवटीच्या दातातून निघायला हवा होता. दाताचं काम आलं तशी डॉक्टरांनीही आपली मतं मांडली.

डाग झक्क जमले, पण खळ काही हटेना. जाकीट आपलं मळक्या पत्र्यासारखं ताठच्या ताठ!

"याला चांगलं तुडवायला पाहिजे," अण्णा म्हणाले.

"तुडवायला ना?" अस्वलाने स्टेजसमोर बोट दाखवलं. तिथे पोरंपोरी गोल रिंगण धरून सुसाट पळत होती, एकमेकांवर आदळत होती. अण्णा बघतच राहिले. थेट धुलाईयंत्राच्या पोटात डोकावल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात एकजण पडला, आणि काय आश्चर्य, सगळं रिंगण जागच्या जागी थांबलं! चौघांनी त्याला उचललं, एकीने चष्मा शोधून दिला, पाठ थोपटली आणि पुन्हा धुमश्चक्री सुरू. अण्णांना ही मंडळी आवडायला लागली होती.

"ऐका रे!" अस्वल गरजलं. "शेवटच्या बँडचं जाकीट आहे! आज ते आपल्या सगळ्यांच्या पायाखालून जाणार!"

आरोळीने गोदामाचे पत्रे हादरले. जाकीट रिंगणात पडलं आणि सगळा महोत्सव त्यावर नाचला! परत आलं तेव्हा त्यातला ताठा पार गेला होता. चहा मुरला होता, गंज बसला होता, चिखल तर अस्सलाहून अस्सल! अण्णांचा जीव भांड्यात पडला. छाती पुढे काढून ते स्टेजच्या मागे गेले.

तिथे बबडी फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होती.

"बाबा! तुम्ही इथे? अहो, किती फोन करायचे! दुकानावर गेले तर शटर खाली!"

"अगं, इथे फोन कुठला ऐकू येतोय? हे घे, विसरली होतीस. जसंच्या तसं आणलंय! बोट लावलं नाही मी त्याला!"

बबडीने जाकीट उलगडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून अण्णांचं हसू हळूहळू मावळलं.

"जसंच्या तसं?" ती कळवळून म्हणाली. "बाबा, मुद्दाम टाकलं होतं ते ढिगावर! धुवायला!"

"धु... धुवायला?"

मागे खुर्चीत गायक बसला होता. फोटोत डोळे वटारून बघणारा तो पोरगा इथे मान कशीबशी वळवत मऊ आवाजात म्हणाला, "काका, फार खाज सुटते हो. कॉलरमुळे सगळ्या मानेवर पुरळ उठलंय. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, धुतल्याशिवाय अंगात घालायचं नाही."

"मग सांगायचं नाहीस का गं मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर चावीवाल्यापासून सगळ्या बाजाराला कळलं असतं! यांना कळलं असतं तर?" बबडीने बाहेरच्या गर्दीकडे हात केला. "स्टेजवरच्या दिव्यांत धुतलेलं कोणाला दिसलंही नसतं. म्हटलं, तुमच्या हातात काहीही मळकं पडलं की तुम्ही न विचारता धुणारच. एवढा भरवसा होता माझा! आणि आजच तुम्हाला हात आवरायची बुद्धी झाली?"

आपणच धुऊन पुन्हा मळवलं, हे अण्णा सांगणार तरी कोणत्या तोंडाने? बाहेर "जाकीट! जाकीट!" असा घोष सुरू झाला होता. आता दुसरं काही घालून जायची सोयच राहिली नव्हती. गायकाने डोळे मिटून ते अंगात चढवलं.

पहिल्याच गाण्यात त्याने मान खाजवली. मग पाठ माइकच्या दांड्याला घासली. मग एक हात माइकवर, एक मानेवर आणि एक पाय हवेत! समोरच्यांना वाटलं, हा नवा नाच आहे. पुढची रांग खाजवायला लागली, मग मागची, मग टपरीवाला! अस्वल तर डोळे मिटून पाठ खांबाला घासत होतं. आणि गायक खाजेने जे काही किंचाळत होता, त्याला तोड नव्हती.

अण्णांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ते ड्रमकडे बघत होते. बबडीचे केस उडत होते, दात आवळलेले होते आणि मनगटं अशी पडत होती की अण्णांना पुढचं दिसेना. डोळे भरून आले होते. काय वाजतंय ते त्यांना कळत नव्हतं, पण ते मनगट त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

कार्यक्रम संपला. बबडी घामाने निथळत खाली उतरली.

"ऐकलंत?"

"ऐकलं. अगं, काय आपटतेस गं! ती मनगटाची फेक माझी आहे. कपडे आपटताना मी अस्साच..." अण्णांनी हवेतच कपडा आपटून दाखवला.

बबडी हसली. "ड्रम आवरताना तुमचा तो दाढीवाला डॉक्टर भेटला मला. सगळं सांगितलं त्याने. डाग लावायचे म्हणे! बाबा, तुम्ही ना..."

"चुकलं माझं."

"पुढच्या महिन्यात पुन्हा आहे कार्यक्रम. या."

"मी?" अण्णांचा कानांवर विश्वास बसेना.

"हो. पण एक अट आहे. जाकीट तुमच्या हातात द्यायचं नाही. ते मी चौकातल्या नव्या लाँड्रीत टाकणार."

"त्या नव्या?" अण्णा उसळले. "अगं, तो मशीनमध्ये बटणं फोडतो!"

"मग राहू द्या. घरीच बसा."

अण्णांनी स्टेजकडे पाहिलं, तिच्या हातातल्या काठ्यांकडे पाहिलं.

"फोडू दे," ते म्हणाले. "बटणं काय, पुन्हा लावता येतात."