गाडी डुलायची थांबली तेव्हा

आजोबा या पदावर नेमणूक होऊन चार महिने झाले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात कोणीच झोपत नाही. नात झोपत नव्हती, म्हणून मुलगी झोपत नव्हती. जावई कामानिमित्त परगावी होता, त्यामुळे त्याच्या झोपेबद्दल घरात फारसं चांगलं बोललं जात नसे. एकदा मुलीने दुधाची बाटली कपाटात आणि घडी केलेली दुपटी फ्रीजमध्ये ठेवली, आणि चूक कळल्यावर हसायचं सोडून ती फ्रीजला टेकून रडली. आजोबांनी ते पाहिलं आणि त्यांचं जेवणावरून मन उडालं.

उपाय एकच होता, आजोबांची जुनी गाडी. त्यांनी ती ऐन तरुणपणी घेतली होती. तसलं मॉडेल आता कुठे दिसत नसे, आणि सिग्नलला अनोळखी माणसं काच खाली करून तिची विचारपूस करत. रोज दुपारी मागच्या सीटवर बाळाची खुर्ची पट्ट्यांनी आवळून बांधायची, शेजारी मुलीने बसायचं आणि आजोबांनी वस्तीभोवती चकरा मारायच्या. थोड्याच वेळात नात गाढ झोपे. मग तिला अलगद घरात नेलं की मुलीलाही तासभर डोळा लागे. याचं सगळं श्रेय आजोबा स्वतःकडे घेत. स्टिअरिंगवर आपला हात हलका आहे, असं ते आजीला वरचेवर सांगत.

अडचण एवढीच, की गाडीचे शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी नळकांडी, संपले होते. गतिरोधक मागे पडला तरी गाडी पुढच्या वळणापर्यंत खालीवर डुलत राही, आणि मुलगी एका हाताने बाळाचं डोकं, दुसऱ्याने स्वतःची दुखरी कंबर धरून बसे. गॅरेजच्या मिस्त्रींनी बोनेटवर जोर देऊन हात काढला आणि गाडी थांबायची वाट बघत चहा संपवला.

"पुढचे शॉकअप गेले, मागचेही गेले," ते म्हणाले. "जोरात ब्रेक मारलात तर ही नाक घासेल. लेकराला घेऊन अशी फिरवू नका, साहेब."

आजोबांची अख्खी नोकरी एका खात्याच्या खरेदी विभागात गेली होती. तीन नमुने आणि तीन जणांची समिती यांच्याशिवाय त्यांनी तिथे झाडूसुद्धा विकत घेतला नव्हता. त्यांनी मिस्त्रींकडून तीन प्रकारचे नमुने घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडले. पहिला तेलाचा, मूळ गाडीत होता तसा मऊ. दुसरा गॅसचा, जरा कडक पण गाडीला घट्ट धरून ठेवणारा. तिसऱ्याचा कडकपणा स्क्रू फिरवून कमीजास्त करता येई. समितीवर आजी आणि मुलगी यांना घेण्यात आलं. जेवायला कुठे बसायचं हे समितीने आधी ठरवावं, असं आजीचं म्हणणं पडलं. मुलीची मान ऐकता ऐकता खाली गेली, ते अनुमोदन धरण्यात आलं. गॅसचा नमुना मंजूर झाला. जिला त्या गाडीत झोपायचं होतं, तिला मात्र कोणी विचारलं नाही. खात्यातही ते नेहमी राहूनच जायचं.

काम चोख झालं. गाडी रस्त्यावरून लोण्यावरून सुरी फिरावी तशी जाऊ लागली, आणि मागच्या खुर्चीत नात टक्क डोळे उघडून बसली. ती रडत नव्हती, पण झोपतही नव्हती. मुलगी तिला थोपटून, गुणगुणून थकली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी चकरा वाढवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी गतिरोधक शोधून शोधून गाडी त्यांवर घातली, तर शॉकअपनी ते गुमान गिळले. मग ते खडीच्या खाणीकडच्या रस्त्याला गेले. तिथे नातीने खिडकीतून ट्रक पाहिले आणि घरी येताच भोकाड पसरलं. मुलीची ती तासाभराची झोपही गेली.

"ती तुमच्या हाताला झोपत नव्हती हो," आजी शांतपणे म्हणाली. "गाडीच्या डुलण्याला झोपत होती."

आजोबांना हे लागलं. पण मुलीचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून त्यांनी मानापमान बाजूला ठेवला, मिस्त्रींना गाठलं आणि जुने शॉकअप परत बसवून मागितले. बिघडलेलं बसवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मिस्त्रींना आजवर भेटलं नव्हतं. शेवटी ते भंगाराच्या ढिगाऱ्यात शिरले आणि तेल गळणारी चारही नळकांडी घेऊन बाहेर आले.

"घराजवळच्या गल्लीतच फिरवायची, तीही सावकाश," त्यांनी बजावलं. "आणि कुणी विचारलं तर माझ्या गॅरेजचं नाव सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते बसवून घ्यायला आजोबा मुलीला आणि नातीला घेऊनच गॅरेजकडे निघाले. शॉकअप बसले की जिच्यासाठी बसवायचे तिच्यावरच लगेच चाचणी घ्यायची, एवढा शहाणपणा आता आला होता. तिथे पोहोचेपर्यंत बाळाला झोपवण्यात अर्थ नव्हता. मुलीने थोपटणं सोडलं, गुणगुणणं सोडलं आणि पाठ मागे टेकली.

अर्ध्या वाटेवर आजोबांनी तिला काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी आरशात पाहिलं. मुलीचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि लहानपणी झोपायची तशी ती एक हात गालाखाली घेऊन झोपली होती. शेजारी नात मूठ चोखत आईकडे एकटक बघत होती. समोर खड्डा आला. गाडी त्यावरून गेली, मुलगी हलली नाही.

गॅरेजच्या दारात मिस्त्री जॅक घेऊन तयारच होते. आजोबांनी इंजिन चालू ठेवलं, काच खाली केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"नात झोपली?" मिस्त्रींनी कुजबुजत विचारलं.

"नात नाही. मुलगी झोपलीय."

मिस्त्रींनी मागच्या सीटवर नजर टाकली आणि जॅक आवाज न करता खाली ठेवला. आजोबांनी हळूच गिअर टाकला आणि जिकडे काहीच काम नव्हतं अशा लांबच्या रस्त्याला गाडी वळवली.