पिवळ्या काठाचं घर

घराला बाहेरून रंग द्यायचा, एवढंच विजयसिंह मान्यांनी ठरवलं होतं. त्यात जगावेगळं काही नव्हतं. मंगळवार पेठेतलं त्यांचं दुमजली घर पश्चिमेच्या अंगानं शेवाळून हिरवं पडलं होतं आणि पुढच्या भिंतीचे पापुद्रे येणारे-जाणारे नखानं सोलत उभे राहायचे. (एकानं तर सोलता सोलता भारताचा नकाशा काढला होता. श्रीलंका तेवढी जरा मोठी झाली होती.) दुसऱ्या कुणीही पेंटरला बोलावून ‘शेजारच्यासारखा मार’ म्हटलं असतं आणि विषय संपवला असता. पण विजयसिंहांचं नाव तेवढं सिंहाचं होतं. माणूस ढगातला होता.

बिद्रीच्या साखर कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. सकाळी एसटीच्या खिडकीला टेकून उसाचे तुरे बघायला लागले की बिद्री मागं पडायची आणि कंडक्टर त्यांना हाक मारून पुढच्या स्टॉपवर उतरवायचा. पेठेत घर घेऊन बरीच वर्षं झाली, तरी पेठेचा फुटबॉल काही त्यांच्या अंगी लागला नव्हता. पेठेच्या वाघजाई तालमीच्या फुटबॉलवाल्या पोरांना ते वर्गणी द्यायचे, मॅच कुणाशी आहे हे कधी विचारायचे नाहीत. गोल झाल्यावर गल्ली का ओरडते आणि न झाल्यावर जास्त का ओरडते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता यंदा त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. एवढ्या संसारात त्यांनी संयोगिताबाईंना ‘तू मला आवडतेस’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं वाक्य म्हणजे ‘आज आमटी बरी झालीय’. प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम होतं, तोंड नव्हतं. आणि त्या प्रेमाला एक रंग होता.

ती मुलगी बघायला गेल्याची संध्याकाळ. शिवाजी पेठेतलं तिचं माहेर, पोह्यांवरच्या कोथिंबिरीचा वास, खिडकीतून आत आलेलं उतरतं ऊन, आणि त्या उन्हात हलकेच हललेली तिची साडी. निळी म्हणावी तर जांभळी, जांभळी म्हणावी तर निळी. तिला हळदीच्या रंगाचा काठ. कारखान्यात हजेरी लावताना, दळण आणताना, दाढी करताना ती साडी मध्येच त्यांच्या डोळ्यांसमोर झुळकन हलायची आणि ब्लेड लागायचं. तोच रंग घराला द्यायचा. ती दारात येईल, वर बघेल, ओळखेल, आणि पंचवीस वर्षांचं न बोललेलं सगळं एकदम बोलून होईल. ओळखलंच नाही तर काय, हा विचार मनात आला की ते घाईनं दुसरा विचार करायला लागायचे.

संयोगिताबाई लेकीकडं इचलकरंजीला नातवाच्या बारशाला गेल्या होत्या. रविवारी संध्याकाळी परत यायच्या होत्या. कारखान्याचा हंगामही संपला होता. विजयसिंहांनी रजा टाकली आणि रंगाचं दुकान गाठलं.

दुकानदारानं शेड कार्डांचा गठ्ठा पुढ्यात टाकला. त्यात नुसते निळेच इतके होते, की विजयसिंह खुर्ची ओढून दुपारपर्यंत तिथंच रमले. एका निळ्यात त्यांना पन्हाळ्याची सकाळ दिसली, दुसऱ्यात शाळेतली दौत. शेवटी दुकानदारानं विचारलं, “पावणं, रंग पाह्यजे का मुक्काम?”

“सूर्य गेल्यावर रंकाळ्यावर जे निळं उरतं, ते पाह्यजे. त्यात थेंबभर जांभळं,” विजयसिंह म्हणाले.

दुकानदारानं मशीनकडं बघितलं. “ते कंप्युटरात न्हाई. पर जवळपास येतंय का बघतो.”

दुकानातूनच पेंटर मिळाला. रावसाहेब त्याचं नाव, राहायला शिवाजी पेठेत. तो घरी आला, भिंतीवर टकटक करून बघितली, चहा घेतला आणि बोलायला लागला. “बाहेरच्या भिंतीला बाहेरचाच रंग लागतोय सायेब. आदी धुणार, शेवाळ मारणार, भेगा बुजवणार. मग प्रायमर. मग रंगाचं दोन हात. शेड कुठली धरलीया?”

विजयसिंहांनी कार्ड पुढं केलं. “ही. आणि खिडक्यांच्या खालनं, गॅलरीच्या कडेनं पिवळी पट्टी. हळदीसारखी. काठच म्हणा की.”

रावसाहेबाची बशी तोंडापाशीच थांबली. “ह्यो निळा-जांभळा, आनि पिवळा काठ?”

“व्हय.”

“मंगळवार पेठंत?”

“घर माझं हाय.”

“हाय की! न्हाई कोण म्हणतंय? पर सायेब, ह्ये कवापास्नं हाय तुमचं?”

विजयसिंहांचा आवाज मऊ झाला. “पंचवीस वर्षं झाली. तुमच्या शिवाजी पेठेतच एका संध्याकाळी बघितलं आणि तिथंच जीव जडला. कुणाला बोललो न्हाई कधी.”

“न्हाई बोललासा ते बरं केलासा,” रावसाहेब गहिवरून म्हणाला. “घरात म्हाईत हाय?”

“तिलाच तर दाखवायचंय. तिचं माहेर शिवाजी पेठच.”

“आन् हितं ऱ्हाऊन तुमी पंचवीस वर्सं एकट्यानं मनात धरून बसलासा? आमी तर दर वर्साला गुलाल उधळून मोकळं हुतोय!”

दर वर्षाला हे विजयसिंहांना जरा जास्त वाटलं. पण शिवाजी पेठेची माणसं प्रेमाच्या बाबतीत मोकळी असतात हे त्यांनी बायकोच्या माहेरी पाहिलं होतं. (मेव्हणा बाळासो भेटला की आधी पाठीत रट्टा घालायचा, मग ‘दाजी’ म्हणायचा.)

“तिसरा हात मी माझ्या मनानं मारणार,” रावसाहेब निघताना छातीवर हात ठेवून म्हणाला. “त्याचं पैसं काडू नगासा.”

पुढचे दिवस विजयसिंहांचे फार सुखात गेले. रावसाहेबानं मागच्या, विहिरीकडच्या भिंतीवर रंगाचे तीन-चार चौकोन मारून ठेवले. ओला रंग फिका असतो, वाळताना तो हळूहळू खोल होत जातो. विजयसिंह विहिरीच्या कट्ट्यावर बसून ते वाळणं बघत राहायचे. आधी दुधाळ निळं दिसायचं, मग उन्हाची तिरीप सरकली की त्यात जांभळं उतरायचं, आणि कुठल्यातरी एका क्षणाला पोह्यांच्या कोथिंबिरीचा वास यायचा. कुकरच्या शिट्ट्या होऊन भात करपला तरी त्यांना तो वास कोथिंबिरीचाच येत होता.

गल्लीतून न दिसणारी मागची आणि बाजूची भिंत झाली. पुढची पूर्वेची. तिच्यावरचं ऊन उतरल्याशिवाय रंग लावायचा नाही, आणि तो रविवारीच लावायचा, असं रावसाहेबाचं म्हणणं पडलं. “रव्वारी फायनल हाय. गल्लीत चिटपाखरू नसणार. धूळ उडायची न्हाई.”

“मग तुम्हाला मॅचला जायचं नाही?”

“जातोय कुठला? ह्यो रंग सोडून?” रावसाहेबानं डोळे पुसले.

रविवारी दुपारी खरंच गल्ली ओस पडली. झेंडे, भोंगे, टोप्या घेऊन सगळे स्टेडियमला गेले. समोरच्या बनाबाई तेवढ्या वाकळ अंथरून दाराआड निजल्या. रावसाहेब कानात इयरफोन खुपसून शिडीवर चढला आणि पुढच्या भिंतीवर ती संध्याकाळ उतरायला लागली. खाली उभे राहून विजयसिंह वर बघत होते. मान अवघडली तरी त्यांना कळलं नाही.

मध्येच शिडीवरून किंकाळी आली. “आलाऽऽऽ!”

“काय आलं?” विजयसिंह दचकले.

“कलर, सायेब, कलर! काय आलाय म्हंतासा!” रावसाहेब शिडीवरच नाचत होता. त्याच्या हातानं पिवळा काठ असा काही सरळ ओढला गेला, की पट्टीनं मारलाय असं वाटावं. आपल्या रंगानं एका परक्या माणसाला एवढा आनंद व्हावा, या विचारानं विजयसिंहांना भरून आलं.

सहाच्या सुमाराला गल्ली परतली. पण भोंगे नाहीत, घोषणा नाहीत. मोटारसायकली ढकलत, मान खाली घालून माणसं येत होती. वाघजाई एक-शून्यनं हरली होती. पहिला माणूस घरासमोर आला आणि थांबला. त्याच्यामागचा त्याला धडकून थांबला. बघता बघता अख्खी गल्ली वर तोंड करून उभी राहिली.

विजयसिंह गॅलरीत आले. एवढी माणसं आपलं घर बघायला थांबलेली पाहून ते लाजले आणि त्यांनी हात हलवला.

“कसा वाटतोय?”

खालून तालमीचा कप्तान फाटक्या आवाजात म्हणाला, “काका, निकाल लागायच्या आदीच रंगवून ठिवलासा?”

“न्हाई न्हाई, पंचवीस वर्षांपासून मनात होतं.”

गल्लीतून एक कळवळल्यासारखा आवाज निघाला. बनाबाई दार उघडून बाहेर आल्या, त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि तोच हात कपाळावर मारून घेतला. “इजयसिंगा, आरं, ह्यो रणमर्द तालमीचा रंग! शिवाजी पेठेचा! पिवळ्या काठासकट!”

ते वाक्य विजयसिंहांच्या डोक्यात शिरून बसायच्या आतच कोपऱ्यावरून हलगी ऐकू आली. जिंकलेल्या रणमर्दवाल्यांना कुणीतरी फोन करून कळवलं होतं. (कुणी ते शिडी उतरून पसार झालेल्या माणसाला विचारावं.) दोन मिनिटांत बाळासो डझनभर गुलालानं माखलेली माणसं घेऊन दारात हजर झाला. त्यांच्या डोक्यावर झेंडे होते. निळे-जांभळे, हळदी काठाचे.

“दाजीऽऽ!” बाळासोनं वर जाऊन त्यांना गॅलरीतून ओढत खाली आणलं, पाठीत रट्टा घातला आणि तोंडात पेढा कोंबला. “मंगळवार पेठंत आपला वाडा! आयला, वाघाच्या काळजाचा हाय माझा दाजी!”

एका बाजूला मंगळवार पेठ उभी होती, दुसऱ्या बाजूला शिवाजी पेठ, आणि मधोमध पेढा गिळता न येणारे विजयसिंह. अशात इचलकरंजीची बस पकडून आलेल्या संयोगिताबाई हातात पिशवी घेऊन गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. बाईंना बघून हलगी आपोआप थांबली.

त्यांनी घराकडं पाहिलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत. संधिप्रकाशात ती भिंत काय सुरेख दिसत होती! विजयसिंह एक पाऊल पुढं सरकले. आता ओळखेल. आता.

“ह्ये कुणाच्या डोक्यातनं निघालं?” संयोगिताबाईंनी विचारलं.

“अगं, ही साडी,” विजयसिंह दोन्ही पेठांदेखत म्हणाले. “तुला बघायला आलोतो, तवा तू नेसलेली. पंचवीस वर्षं डोळ्यांसमोरनं हाललेली न्हाई. तूबी... म्हंजे, तू मला लय आवडतीस.”

वाघजाईच्या कप्तानाचाही चेहरा मऊ पडला. संयोगिताबाईंची पिशवी हळूच खाली टेकली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी आंबा कलरची नेसलेली.”

“न्हाई! निळी. पिवळ्या काठाची. उन्हात हालत होती.”

“तुमी मान वर करून माज्याकडं बघितलासा तरी का? माज्या खांद्यावरनं खिडकीकडं बघत बसलावतासा. खिडकीत ह्या बाळासोदादानं रणमर्दचा झेंडा वाळत घातलावता!”

आधी बाळासो हसला, मग बनाबाई, मग दोन्ही पेठा एकत्र. इतिहासात असं बहुधा पहिल्यांदाच घडत असावं. विजयसिंह पायरीवर बसले. पंचवीस वर्षं आपण एका झेंड्यावर प्रेम केलं, आणि तोही विरुद्ध पार्टीच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून संयोगिताबाई त्यांच्या शेजारी टेकल्या, पदरानं त्यांच्या गालावरचा गुलाल पुसला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “एवढं काय मनाला लावून घेतासा? मी तरी कुठं तुमाला बघितलंवतं?”

“म्हंजे?”

“तुमच्या शेजारी उंच, गोरा, मिशीवाला बसलावता न्हवं? मला वाटलं, नवरामुलगा त्योच.”

विजयसिंहांना आठवायला वेळ लागला. “तो? तो जीपचा ड्रायव्हर होता!”

“ते मला साखरपुड्यात कळालं.”

“मग तवाच न्हाई का म्हणाली न्हाईस?”

“कसं म्हणणार?” संयोगिताबाईंनी पदर नीट केला. “तवर पेढं वाटून झालतं की.”